डबा पुरायचा नाही, दगड शोधायचा! मोबाइलच्या खेळातून पोरांना गावचा इतिहास शिकवता येईल का?

११ जुलै २०२५ ला मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. अकरा किल्ले महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. गावोगावी मोबाइलवर स्टेटस झळकले, शाळांत भाषणं झाली. आनंदाचीच गोष्ट होती ती. पण त्या बारांमध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातला एकही किल्ला नाही. मग आपल्या तालुक्यांत इतिहास घडलाच नाही का?

घडला, आणि भरपूर घडला. फक्त तो पोरांपर्यंत पोचत नाही. चौथीतलं पोरगं रायगड, प्रतापगड तोंडपाठ सांगतं. मारुतीच्या देवळामागं शेंदूर फासलेला, अर्धा जमिनीत गेलेला कोरीव दगड कसला, असं त्याला विचारा. "देव आहे" एवढंच उत्तर येतं. बऱ्याच मोठ्या माणसांनाही त्याच्यापुढं सांगता येत नाही.

हे बदलायला एक खेळ कामाला येऊ शकतो. जगात त्याला जिओकॅशिंग म्हणतात. नाव परकं असलं तरी त्याला लागणारं सामान आज प्रत्येक घरात आहे. मात्र हा खेळ जसाच्या तसा आपल्या गावात आणला तर फायद्यापेक्षा नुकसानच जास्त होईल.

खेळ आहे तरी काय?

उपग्रहावरून जागा दाखवणारी जीपीएस यंत्रणा मूळची अमेरिकेच्या लष्कराची. सामान्य लोकांना मिळणारा तिचा सिग्नल आधी मुद्दाम बिघडवलेला असायचा. जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची, म्हणजे बांध एकाचा आणि यंत्र दाखवणार दुसऱ्याचा. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेनं हा बिघाड काढून टाकला. लगेच ३ मे २००० ला तिथल्या ओरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं रानात एक बादली लपवली. आत वही, पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू ठेवल्या आणि जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. शोधा, वहीत नाव लिहा, एखादी वस्तू घ्या आणि आपली एक ठेवा, असा नियम. दोन-तीन दिवसांत लोकांनी बादली शोधून काढली. आज जगभरात असे तीस लाखांवर डबे लपवलेले आहेत.

आपल्या शेतकऱ्याला हे तंत्र नवं नाही. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू आहे. आपल्या गटात उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर जागेचे आकडे आपोआप नोंदले जातात, आणि गटापासून लांब उभं राहिलं तर ॲप तक्रार करतं. घरकुलाचा आणि शेततळ्याचा फोटो जिओटॅग होतो, तोही असाच. जे तंत्र कपाशी नि सोयाबीनला चालतं, ते बारवेला आणि वीरगळालाही चालतं.

आणखी एक सोय आहे. जीपीएसला रेंज लागत नाही. फोन उपग्रहाचा सिग्नल फक्त ऐकत असतो. रेंज लागते ती नकाशा उघडायला. तो घरी किंवा शाळेत वायफायवर आधीच उतरवून ठेवला, की अकोल्याच्या डोंगरातल्या वाडीतही काम होतं. उघड्या आभाळाखाली साधा फोन पाच मीटरच्या आसपास जागा दाखवतो. झाडीत, भिंतीला लागून किंवा खोल बारवेत गेलं की चूक वाढते.

इथं डबा का नको?

पहिली अडचण संशयाची. बसस्टँडवर, देवळात किंवा धरणाजवळ बेवारस डबा दिसला तर लोक पोलिसांना फोन करतात आणि ते बरोबरच आहे.

दुसरी अडचण मोठी आहे, गुप्तधनाची. जुनं देऊळ, पडका वाडा, वीरगळ, समाधी दिसली की खाली हंडा असणार अशी समजूत अजून गेलेली नाही. अमावास्येच्या रात्री कुणी तरी उकरून जातं आणि सकाळी दगड आडवा पडलेला, लिंबू-नारळ पसरलेले दिसतात. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शिवाय १८७८ चा एक कायदा आजही लागू आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. अशा मुलखात शाळेनंच पोरांच्या हातात "खजिना शोधा" असा कागद दिला, तर ती कुठल्या दगडाखाली काय उकरतील याचा नेम नाही.

म्हणून आपल्याकडं हा खेळ डब्याशिवाय खेळला पाहिजे. जगात तसा प्रकार आहेही. २००४ पासून अमेरिकेतल्या भूशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या पुढाकारानं असा एक प्रकार सुरू झाला. त्यात लपवलेलं काहीच नसतं. दिलेल्या जागी जायचं, खडक बघायचा आणि तिथं उभं राहिल्याशिवाय देता येणार नाही असं उत्तर लिहायचं. ना खड्डा, ना डबा. शोध लागतो तो समोर असलेल्या गोष्टीचा.

दायमाबादचा धडा

न उकरण्यावर एवढा जोर का, हे समजायला लांब जायला नको. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठावर दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तिथं एका शेतकऱ्याला झाडाचं बूड खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या. बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, म्हैस, हत्ती आणि गेंडा. चारही मिळून वजन साठ किलोंच्या वर. भंगारात गेल्या असत्या तर त्या दिवशीच्या भावानं थोडे पैसे आले असते, एवढंच. त्या वाचल्या, आणि आज भारताच्या प्राचीन इतिहासाचं कुठलंही मोठं पुस्तक दायमाबादचं नाव घेतल्याशिवाय पुढं जात नाही.

तरी एक गोष्ट कायमची अडून राहिली. त्या वस्तू पुरातत्त्व खात्याच्या खोदकामात थरावर थर नोंदवत निघालेल्या नव्हत्या. जमिनीचे वरचे-खालचे थर काळ सांगतात. वस्तू नेमकी कुठल्या थरात होती, तिच्याशेजारी काय होतं, ही नोंद नसल्यानं त्या किती जुन्या यावर अभ्यासकांत वाद झाला. बरेच जण चार हजार वर्षांच्या आसपास म्हणतात, काहींना ते पटत नाही.

शाळेत शिकवण्यासारखा धडा हाच आहे. इतिहास नुसत्या वस्तूत नसतो, तो जागेत असतो. वस्तू हलली की तिची अर्धी साक्ष बुडते. वीरगळ उचलून नव्या सभामंडपाच्या पायरीला लावला, तर दगड शिल्लक राहतो पण लढाई कुठं झाली ते पुसलं जातं. आणि जागा नोंदवण्याचं काम तर मोबाइल फुकटात करतो. व्हिडिओ दाखवण्यापेक्षा त्याचा हा उपयोग जास्त मोलाचा आहे.

खेळ बसवायचा कसा?

समजा, एका गावात शाळेनं सहा ठिकाणं निवडली: वेस, मारुतीचं देऊळ, वीरगळ, बारव, जुनी चावडी आणि नदीचा घाट. प्रत्येक ठिकाणी शिक्षकानं आधी स्वतः जाऊन अक्षांश-रेखांश टिपायचे. आपल्या जिल्ह्यात अक्षांश १९ च्या आसपास आणि रेखांश ७४-७५ च्या घरात येतो. दशांश चिन्हापुढं पाच आकडे लिहिले की जागा मीटरभरात पकडता येते, चार लिहिले तर दहा-अकरा मीटरचा फरक पडतो. गणिताचा दशांश अपूर्णांक इथं आपसूक शिकून होतो.

मग पाच-पाच पोरांचे गट करायचे आणि गटाला एक फोन द्यायचा. पहिल्या ठिकाणाचे आकडे हातात द्यायचे. तिथल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं तरच दुसऱ्या ठिकाणाचे आकडे मिळतील. प्रश्न मात्र असा हवा की घरी बसून इंटरनेटवर उत्तर सापडणार नाही.

वीरगळाचंच बघा. त्यावर खालून वर तीन-चार चौकटी कोरलेल्या असतात. सगळ्यात खाली लढाई, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपिंडीची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. खालच्या चौकटीत गुरं कोरलेली असतील तर तो माणूस गावची गुरं वाचवताना पडला असं समजतात. म्हणून "हा दगड कशाचा?" असं विचारण्यापेक्षा "सगळ्यात खालच्या चौकटीत जनावरं आहेत का? किती?" असं विचारावं. पोरगं वाकून, शेंदराखालून नजर घालून बघेल. एकदा मोजलं की तो दगड त्याच्यासाठी नुसता देव राहत नाही. आपल्या गावासाठी मेलेला माणूस होतो.

बारवेचंही तसंच. जुन्या शिल्पशास्त्रात बारवेची नावं तिच्या वाटांवरून दिलेली आहेत. एक वाट असेल तर नंदा, दोन असतील तर भद्रा, तीनला जया आणि चारला विजया. वरच्या काठावरून वाटा मोजल्या की आपली बारव कोणती ते पोरंच सांगतील. खाली उतरायची गरज नाही आणि उतरूही देऊ नये.

जिल्ह्यात जागांची कमी नाही

हे सगळं कल्पनेतलं वाटू नये म्हणून जिल्ह्यातली काही ठिकाणं बघू. संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्यात १९५०-५१ मध्ये खोदकाम झालं. तिथं सापडलेल्या काळी नक्षी असलेल्या लाल भांड्यांमुळं तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्त्यांच्या एका अख्ख्या संस्कृतीला जोर्वे हे नाव मिळालं. अभ्यासक आजही "जोर्वे संस्कृती" म्हणतात. बाजूच्या गावातल्या किती पोरांना हे ठाऊक असेल?

नेवाशाचा पैस खांब वारकऱ्यांना माहीत असतोच. ज्ञानेश्वरी तिथं १२९० मध्ये सांगितली गेली. जामखेड तालुक्यात खर्डा आहे. मार्च १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची मोठी लढाई तिथं झाली. त्याच तालुक्यातल्या चौंडीत १७२५ मध्ये अहिल्यादेवींचा जन्म झाला. तीनशेव्या जयंतीच्या वर्षी, मे २०२५ मध्ये, राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक चौंडीत भरली होती.

नगर शहराजवळच्या डोंगरावरचा "चांदबिबी महाल" तर अशा खेळासाठीच बांधल्यासारखा. नाव चांदबिबीचं, पण आत कबर निजामशाहीतल्या सलाबतखानाची. "नाव कुणाचं आणि इमारत कुणाची?" या एका प्रश्नात पोरं शिकतात की लोकांच्या तोंडी असलेलं सगळंच तपासून घ्यावं लागतं.

इतिहास राजांपुरताही ठेवू नये. १८७५ मध्ये सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचं बंड पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात पेटलं आणि नगर जिल्ह्यातही पसरलं. लोकांचा राग माणसांपेक्षा कर्जाच्या कागदांवर होता, रोखे जाळले गेले. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पाटाची चारी, जुनं गुऱ्हाळ, बाजाराचं पटांगण हीसुद्धा शोधायची ठिकाणं आहेत. कोणती जमीन कधी भिजायला लागली हा त्या गावच्या इतिहासाचा मोठा भाग आहे.

फोन काय सांगत नाही

फोन जागेपर्यंत नेतो, तिथली गोष्ट सांगत नाही. ती सांगणार सत्तरी-ऐंशीतली माणसं. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर कुणी खडी फोडली, बारवेचं पाणी कोणत्या वर्षी आटलं, पाणवठा कुणाला बंद होता आणि कधी खुला झाला, हे कुठल्याही ॲपमध्ये नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणच्या प्रश्नांत एक प्रश्न गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचा ठेवावा. उत्तर फोनवर रेकॉर्ड करावं, पण आजी-आजोबांना विचारून. हे रेकॉर्डिंग दोन-चार वर्षांनी करू म्हटलं तर सांगणारं माणूस राहीलच असं नाही.

इथं एक सावधगिरी हवी. एकाच दगडाबद्दल दोन वाड्या दोन गोष्टी सांगतात. कुणी म्हणतं आमच्या पूर्वजाचा, कुणी म्हणतं त्यांचा. शाळेनं निकाल देऊ नये. "असं अमुक आळीत सांगतात, तसं तमुक आळीत सांगतात" अशा दोन्ही नोंदी ठेवाव्यात. दगडावर जे दिसतं ते एका रकान्यात आणि लोक जे सांगतात ते दुसऱ्या रकान्यात. एवढी शिस्त पाळली तर इतिहासावरून भांडण लावणारे व्हॉट्सॲप मेसेज ओळखायलाही पोरं शिकतील.

अडचणी खऱ्या आहेत

घरात फोन एकच, आणि तो वडिलांबरोबर रानात. म्हणून गटाला एक फोन, हीच पद्धत परवडते. शिक्षकावर आधीच ऑनलाइन माहिती भरायचं ओझं आहे, त्यात हे आणखी एक नको, असं कुणी म्हटलं तर ते चूक नाही. पण वेळेची सोय धोरणातच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे. राज्यात पहिली ते आठवीसाठी "आनंददायी शनिवार"ही आलाय. या दिवसांचं करायचं काय, हा प्रश्न अनेक शाळांना पडतो. त्यातले दोन दिवस या कामाला पुरतात.

जिवाचीही काळजी घ्यायची आहे. जुन्या बांधकामात साप, विंचू आणि आग्यामोहळ असतं. बारवेला कठडा नसतो. गटाबरोबर एक मोठं माणूस हवंच. दुपारचं ऊन टाळावं. कुणाच्या वावरातून जायचं असेल तर आधी मालकाला विचारावं, उभ्या पिकातून पोरं गेली तर पुढच्या वर्षी वाट बंद होते. क्यूआर कोडची पाटी लावायची झाली तर ती शाळेच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी. जुन्या दगडावर खिळा, रंग, डिंक काही नको. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय काहीच करू नये.

सगळंच जगाला दाखवायचं का?

खरा पेच इथं आहे. जागा नोंदवली, नकाशावर टाकली, की ती चांगल्या माणसाला दिसते तशी चोरालाही दिसते. मोठी बारव, किल्ला, देऊळ आधीच सगळ्यांना ठाऊक आहे. ते नकाशावर आलं तर चार लोक येतील, चहाची टपरी चालेल. पण रानातली सुटी मूर्ती, एकटा वीरगळ, शिलालेखाचा तुकडा यांची नेमकी जागा उघड करणं म्हणजे रात्रीच्या टोळीला पत्ता देणं.

म्हणून याद्या दोन हव्यात. पहिली उघडी, सगळ्यांसाठी. दुसरी शाळेत आणि ग्रामपंचायतीत बंद कपाटात, फोटो, माप आणि अक्षांश-रेखांशासह. दुसरी यादी जास्त महत्त्वाची. मूर्ती चोरीला गेली तर पोलिसांत द्यायला पुरावा लागतो. रस्ता रुंद होताना जेसीबीवाल्याला थांबवायलाही कागद लागतो. गावोगावचे बहुतेक वीरगळ आणि लहान बारवा सरकारच्या कुठल्याच संरक्षित यादीत नाहीत. कागद नसलेली वस्तू गेली तर "इथं काही नव्हतंच" एवढं म्हणून विषय संपतो. पोरांचे चेहरे दिसणारे फोटो मात्र दोन्ही याद्यांपासून लांब ठेवावेत.

याला नवा कायदा किंवा निधी लागत नाही. जैवविविधतेची नोंदवही ग्रामपंचायतीनं करायची पद्धत आधीपासून आहे. तशीच एक वारसा नोंदवही ग्रामसभेत ठराव करून सुरू करता येते. पोरांनी भरायची, शिक्षकांनी तपासायची, ग्रामसेवकांनी जपायची आणि दर वर्षी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवायची. कोणता दगड जागेवर आहे, कोणता हलला, कोणती बारव बुजली, हे गावासमोर येईल. सुरुवातीला गावातली पाच ठिकाणं निवडून त्यांचे आकडे आणि फोटो वहीत आले तरी पुष्कळ झालं. पुढच्या वर्षीच्या पोरांना तिथून पुढं जाता येईल.